घरी वायफायवर लेक्चर बघितलं तर बॅटरी टिकते, लोकलमध्ये डेटावर तेच बघितलं की दुप्पट जाते, असं का?

कर्जत_सीएसएमटी

नमस्कार मंडळी. मी रोज कर्जतहून सीएसएमटीला नोकरीसाठी अपडाऊन करते, जायला दोन तास आणि यायला दोन तास, आणि एमपीएससीचा अभ्यास ह्याच चार तासांत होतो कारण घरी गेल्यावर स्वयंपाक वगैरे असतोच. अभ्यास म्हणजे मुख्यतः यूट्यूबवरची लेक्चर्स, इतिहास आणि राज्यघटना. प्रॉब्लेम असा की घरी वायफायवर तासाभराचं लेक्चर बघितलं तर ८-१० टक्के बॅटरी जाते आणि लोकलमध्ये मोबाईल डेटावर तेवढंच बघितलं तर २० टक्क्यांच्या वर जाते. व्हिडिओ तोच, क्वालिटी दोन्हीकडे ४८०पी, इअरफोन तेच. ऑफिसमध्ये चार्जिंग होतं पण पूर्ण होत नाही, त्यामुळे परतताना बदलापूर यायच्या आतच फोन लाल होतो आणि मग शेवटचा टप्पा फोन बंद पडू नये म्हणून लेक्चर बंद करून बसावं लागतं, रात्रीची वेळ असते, घरच्यांना फोन लागला पाहिजे ना.

फोन ५००० एमएएचचा आहे, अमोलेड स्क्रीन, दोनेक वर्षं जुना, फाईव्हजी सिम. डार्क मोड लावला, मागची ॲप्स बंद केली, बॅटरी सेव्हर लावला, फरक जवळपास शून्य. कृपया पॉवरबँक घे असं सांगू नका, माझ्याकडे आहे, पण गर्दीत उभ्याने एका हातात फोन, वायर आणि पॉवरबँक सांभाळता येत नाही. शिवाय मला खरंच समजून घ्यायचंय की एकच व्हिडिओ दोन ठिकाणी इतकी वेगळी बॅटरी का खातो.

टॉवर_ते_टॉवर

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, दोन्हीकडे तोच व्हिडिओ आणि तीच क्वालिटी असं बघितलंत म्हणून उत्तर नीट देता येईल. मी मोबाईल नेटवर्कच्या टेस्टिंगमध्ये आहे, गाडीत फोन आणि लॅपटॉप लावून गावोगाव सिग्नल मोजत फिरतो, ड्राइव्ह टेस्ट म्हणतात त्याला. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाहीये. थोडं लांबेल पण सांगतो.

फोनमधला मोडेम म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, तो ढोबळमानाने दोन अवस्थांत असतो, आयडल आणि कनेक्टेड. आयडलमध्ये तो बराचसा झोपलेला असतो, अधूनमधून उठून कॉल किंवा मेसेज आलाय का बघतो आणि परत झोपतो. डेटा यायला लागला की कनेक्टेड व्हावं लागतं आणि तिथे खर्च खूप वाढतो. आता खरी गोम इथे आहे. डेटा येऊन संपला म्हणून मोडेम लगेच झोपायला जात नाही, अजून काही येईल म्हणून वाट बघत जागा राहतो. किती वेळ वाट बघायची ते टॉवरवाली कंपनी सेट करते, साधारण १० सेकंद धरा. ह्या शेवटच्या जागरणाला आमच्यात टेल म्हणतात. त्या वेळात मोडेम मध्येमध्ये छोट्या डुलक्या काढतो, डीआरएक्स म्हणून सोय असते, पण आयडलसारखी बचत होत नाही.

आता व्हिडिओ कसा येतो बघा. सर्व्हरवर तो साधारण २ ते १० सेकंदांच्या तुकड्यांत ठेवलेला असतो, एचएलएस आणि डॅश ही व्हिडिओ पाठवायच्या पद्धतींची नावं, दोन्हीत हेच होतं. समजा ॲप दर ५ सेकंदांना एक तुकडा मागतंय. तुकडा अर्ध्या सेकंदात येतो, मग मोडेमची १० सेकंदांची वाट बघणं सुरू, ती पूर्ण व्हायच्या आत पुढचा तुकडा मागायची वेळ झाली. म्हणजे तासभराच्या लेक्चरमध्ये मोडेम एकदाही झोपत नाही! त्याऐवजी ॲपने एक मिनिटाचा माल एकदम आणला तर समजा ५ सेकंद डाऊनलोड, १० सेकंद टेल, आणि उरलेली ४५ सेकंद झोप. डेटा दोन्हीकडे तेवढाच आला, पण मोडेम जागा राहिला तो वेळ चौपट कमी झाला. नळाला पाणी असतं तेव्हा पिंप भरून घेण्याऐवजी प्रत्येक तांब्याला मोटर चालू करण्यासारखं आहे हे.

म्हणूनच ४८०पी चं ३६०पी केलं की डेटा वाचतो पण बॅटरी त्या मानाने वाचत नाही. तुकडा लहान झाला, पण येण्याचं वेळापत्रक तेच राहिलं. लोक सगळे क्वालिटी कमी करा एवढंच सांगतात म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

ॲप सगळा व्हिडिओ एकदम का आणत नाही असं वाटेल. बरेच लोक व्हिडिओ अर्ध्यात सोडून दुसरीकडे जातात, मग आणलेला डेटा वाया, त्यांचाही आणि सर्व्हरचाही. त्यामुळे ॲप बेताबेतानेच पुढचं आणून ठेवतं.

दुसरी गोष्ट सिग्नल. व्हिडिओ आपण नुसता घेतोय, पाठवत काहीच नाही असं वाटतं पण तसं नसतं, प्रत्येक थोड्या डेटामागे फोनला मिळालं, मिळालं असं टॉवरला कळवावं लागतं, शिवाय सिग्नल कसा आहे त्याचा रिपोर्ट सतत पाठवावा लागतो. टॉवर लांब असेल तर हे ओरडून सांगावं लागतं. फोरजी फोनची पाठवण्याची कमाल ताकद २३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) म्हणजे २०० मिलिवॅट असते, पण तेवढी हवेत सोडायला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ओढतो. वर सिग्नल कमजोर असला की टॉवर डेटा सावकाश, साध्या पद्धतीने पाठवतो, म्हणजे अर्ध्या सेकंदात येणारा तुकडा ३-४ सेकंद घेतो. लोकलचा डबा लोखंडी पत्र्याचा, आत माणसं खच्चून भरलेली, गाडी पळतेय म्हणून दर थोड्या वेळाने टॉवर बदलतोय, आणि ठाणे-कल्याणसारख्या ठिकाणी एका टॉवरवर हजारो फोन. सगळ्या वाईट गोष्टी एकाच जागी आल्यात.

आता घरचं वायफाय. राउटर चार-पाच मीटरवर, पाठवायची ताकद कमी लागते. आणि वायफायची झोपायची पद्धतच वेगळी आहे. राउटर सेकंदाला साधारण १० वेळा बीकन नावाची हाळी देतो आणि त्यातच सांगतो की अमक्या फोनसाठी माल आलाय. आपलं नाव नसेल तर फोनचं वायफाय लगेच परत झोपतं, तोवरचा माल राउटर सांभाळून ठेवतो. इथे १० सेकंदांचं जागरण नाही, सेकंदाच्या काही भागातच हिशोब मिटतो. म्हणून तेच तुकडे, तेच वेळापत्रक, पण घरी ८-१० टक्क्यांत भागतं.

उपाय एकच मोठा आहे, रात्री घरी वायफायवर लेक्चर डाऊनलोड करून ठेवायचं. ४८०पी चं तासाभराचं लेक्चर साधारण ४०० ते ५०० एमबी, बऱ्यापैकी वायफायवर दीड-दोन मिनिटांचं काम. विसरलात तर कर्जत स्टेशनला गाडी उभी असताना, सिग्नल भरपूर असताना करून घ्या, तेही चालत्या गाडीत तासभर थेंब थेंब ओढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

तपासायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला की बॅटरी जाणारच. नुसत्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका, कुठल्या आकड्याला किती कांड्या हे फोनवाला ठरवतो.

सांगलीकर_७

वरचं सगळं बरोबर आहे, पण स्क्रीन विसरू नका. चांगल्या सिग्नलमध्ये व्हिडिओ बघताना बहुतेक वेळा स्क्रीनचाच खर्च सगळ्यात मोठा असतो. हिशोब करून बघा, ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण १९ वॉट-तास. फोन २ वॉट खात असेल तर साडेनऊ तास, ४ वॉट खायला लागला तर पाच तास पण नाही. लोकलमध्ये खिडकीतून ऊन आलं की ऑटो ब्राइटनेस झरकन वर जातो, घरी रात्री तो खाली असतो. तेव्हा घर आणि लोकल ह्यात हासुद्धा फरक आहे, फक्त मोडेमचा नाही. ऑटो बंद करून स्वतः जमेल तेवढा कमी ठेवा.

आणि अमोलेड आहे म्हणताय तर लेक्चर कुठल्या फळ्यावर आहे ते बघा. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, काळा ठिपका जवळपास काहीच खात नाही, पांढरा सगळ्यात जास्त. पांढऱ्या बोर्डवर शिकवणारे सर आणि काळ्या डिजिटल बोर्डवर शिकवणारे सर ह्यांच्यात तुमच्या स्क्रीनच्या दृष्टीने बराच फरक आहे. तुमच्या डार्क मोडने फरक पडला नाही ह्याचं कारणही हेच, फुल स्क्रीन व्हिडिओला डार्क मोड लागतच नाही, तो फक्त मेन्यू आणि कमेंट्सना. जुन्या एलसीडी स्क्रीनला मात्र काळं-पांढरं सारखंच, तिथे मागचा दिवा कायम चालू असतो.

अजून एक, कोडेक बघा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि फोनमध्ये परत उलगडायची पद्धत. यूट्यूब ॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टॅट्स फॉर नर्ड्स चालू करता येतं, मग व्हिडिओवर एक माहितीची चौकट येते. त्यात कोडेकसमोर एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ ह्यातलं काहीतरी असतं. एव्ही०१ म्हणजे एव्ही१, हा २०१८ मध्ये आलेला नवा कोडेक, कमी डेटात चांगलं चित्र देतो. पण तो उलगडायला चिपमध्ये वेगळं हार्डवेअर असेल तरच बॅटरी वाचते. आयफोनमध्ये ते २०२३ च्या १५ प्रो पासून आलं, अँड्रॉइड फोनमधल्या स्नॅपड्रॅगनच्या सगळ्यात वरच्या चिपमध्ये २०२२ च्या ८ जेन २ पासून. स्वस्त आणि मधल्या फोनमध्ये बऱ्याचदा नसतंच, मग सगळं काम मेन प्रोसेसर करत बसतो. डेटा वाचतो आणि बॅटरी जाते. हे घरी पण होत असणार म्हणून तुमच्या फरकाचं कारण हे नाही, पण एकूण खर्चात भर घालणारं असू शकतं. ब्राऊझरमधून अकाउंटच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ ला नेहमी प्राधान्य असं काही निवडलेलं असेल तर ऑटोवर आणा.

डोंबिवली_फास्ट

एवढं सगळं कशाला, फाईव्हजी बंद करून फोरजीवर टाका. मी केलं, फरक लगेच दिसला. माझा पण रोजचा प्रवास आहे.

टॉवर_ते_टॉवर

@डोंबिवली_फास्ट लोकलपुरतं बरोबर आहे, पण सरसकट असं सांगू नका. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ ला फाईव्हजी सुरू झालं तेव्हा दोन पद्धतींनी झालं, जिओने स्टँडअलोन लावलं, म्हणजे फोरजीच्या आधाराशिवाय चालणारं, आणि एअरटेलने नॉन-स्टँडअलोन. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोनला फोरजीचा टॉवर धरून ठेवावाच लागतो आणि त्यावर फाईव्हजी जोडावं लागतं, म्हणजे दोन्ही रेडिओ चालू. गाडी पळत असताना ते फाईव्हजी जोड, सोड, परत जोड असं चालू राहतं आणि त्याला बॅटरी लागते. शिवाय फाईव्हजीचा मुख्य पट्टा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, तो डब्याच्या पत्र्यातून आत यायला कुरकुरतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आत चांगला शिरतो पण तो सगळ्यांकडे नाही.

पण स्थिर जागी, सिग्नल दणकट असताना, फाईव्हजीवर डाऊनलोड केलं तर काम पटकन संपतं आणि मोडेम लवकर झोपतो. म्हणजे ऑफिसमधून डाऊनलोड करायचं असेल तर फाईव्हजी चांगलं, गाडीत बसल्यावर फोरजी. बटण दोन टॅपवर असतं.

रत्नागिरी_पॅसेंजर

आमच्याकडे कोकण रेल्वेला हे अजून जोरात जाणवतं म्हणून लिहितो. मांडवीने गावी येताना चिपळूण सोडलं की बोगद्यांची रांग लागते, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात नेटवर्क गेलं की फोन गप्प बसत नाही, तो टॉवर शोधत राहतो, एक पट्टा, दुसरा पट्टा, मग टूजी, परत पहिल्यापासून. बाहेर आलो की जरा कांडी येते, व्हिडिओ घाईघाईने दोन तुकडे ओढतो, आणि पुढचा बोगदा. ह्या सगळ्यात फोन गरम होतो आणि बॅटरी नुसती घसरते.

मी आता सिनेमा, कीर्तन, जे काय असेल ते आदल्या रात्री उतरवून घेतो आणि गाडीत फ्लाइट मोड. ब्लूटूथ नंतर वेगळं चालू करता येतं, त्याला किरकोळ लागतं. त्याने जे वाचतं ते बाकी कुठल्या सेटिंगने वाचत नाही. मोठ्या स्टेशनला गाडी थांबली की पाच मिनिटं मोड काढायचा, घरी मेसेज टाकायचा, परत लावायचा. ताईंना रात्री फोन लागायला हवा असतो तर त्यांनी मोबाईल डेटा बंद आणि सिम चालू असं ठेवावं, कॉल येतील आणि व्हिडिओ आतलाच चालेल.

स्टेशनवरच्या रेलवायरच्या वायफायचा कोणी सल्ला देईल म्हणून आधीच सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ती सोय चांगलीच आहे, पण रोज फुकट अर्धा तास आणि तोही १ एमबीपीएसने, त्यात अर्ध्या तासात जेमतेम सव्वादोनशे एमबी येणार. पीडीएफ नोट्स उतरवायला ठीक, तासाभराचं लेक्चर त्यात बसत नाही.

कर्जत_सीएसएमटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज येता-जाता बघितलं. घरात सिग्नल उणे ८८, आणि बदलापूर सोडल्यावर वांगणी-शेलूच्या दरम्यान दाराजवळ उणे १०८ आणि आत मधल्या पॅसेजमध्ये उणे ११७ पर्यंत. कांड्या मात्र दोन्हीकडे दोनच! कोडेकला व्हीपी०९ दिसतंय. डाऊनलोड करून, डेटा बंद ठेवून सकाळचं लेक्चर बघितलं तर घरच्यापेक्षाही कमी बॅटरी गेली, ते बघून बरं वाटलं.

आता एकच अडचण राहिली. आठवड्यातून काही वेळा संध्याकाळी चालू घडामोडींचं लाइव्ह लेक्चर असतं, ते बरोबर माझ्या परतीच्या गाडीच्या वेळेत. त्यात प्रश्न विचारता येतात म्हणून मला ते लाइव्हच हवं असतं. लाइव्ह तर आधी उतरवून ठेवता येणार नाही. त्याला काही करता येतं का?

टॉवर_ते_टॉवर

घरच्यापेक्षाही कमी गेली ते अगदी बरोबर आहे, कारण घरी वायफाय थोडंतरी चालू होतं, आता तेही नाही.

लाइव्हचं खरं सांगायचं तर ते सगळ्यात महाग पडतं आणि त्याला पूर्ण उपाय नाही. जे अजून घडलेलंच नाही ते ॲप पुढचं आणून कसं ठेवणार, त्यामुळे तुकडे छोटे, ते तयार होतील तसे मागायचे, आणि मोडेम सतत जागा. प्रश्न विचारल्यावर सरांपर्यंत लवकर पोहोचावा म्हणून उशीर कमी ठेवलेला असतो, आणि उशीर जितका कमी तितके तुकडे बारीक. क्रिकेटची मॅच लाइव्ह बघताना फोन तापतो त्याचं एक कारण हेच आहे.

तरी काही गोष्टी करता येतील. पहिलं म्हणजे उभं राहायची जागा. तुम्हीच मोजलंत, दारापाशी आणि आत ९ डीबीचा फरक आहे. ९ डीबी म्हणजे फोनला तेच काम करायला साधारण आठपट कमी ताकद पुरते. पण कृपया दारात लटकू नका, खिडकीजवळची जागा मिळाली तरी पुष्कळ. दुसरं, लाइव्हच्या वेळी फोरजीवर ठेवा. तिसरं, सर फळ्यावर काही लिहीत नसतील, नुसतं बोलत असतील, तर क्वालिटी १४४पी करा आणि ब्राइटनेस अगदी तळाला न्या. मोडेमची झोप वाढणार नाही, पण कमजोर सिग्नलमध्ये तुकडा ४ सेकंदांऐवजी एका सेकंदात आला तर ओरडण्याचा वेळ कमी होतो, म्हणजे क्वालिटी कमी करण्याचा फायदा खराब सिग्नलमध्ये खरोखर दिसतो. मागे मी लिहिलं की फारसा फरक पडत नाही, ते चांगल्या सिग्नलसाठी.

आणि सीएसएमटी ते कल्याण सिग्नल सहसा बरा असतो. तेवढ्या वेळात लाइव्ह बघा, प्रश्न विचारून घ्या, आणि कल्याणनंतर बंद करून उरलेलं रेकॉर्डिंग रात्री उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत.

सांगलीकर_७

त्यात एक भर. यूट्यूब प्रीमियम असेल तर कल्याणनंतर स्क्रीन बंद करून नुसतं ऐकता येतं. चालू घडामोडी ऐकून समजतात. मोडेम जागाच राहील पण स्क्रीनचा मोठा खर्च तर वाचेल. नसेल तर स्क्रीन चालू ठेवावी लागते, तेव्हा मग ब्राइटनेस तळाला.

कर्जत_सीएसएमटी

प्रीमियम नाहीये. कल्याणपर्यंत लाइव्ह आणि पुढे बंद हे जमण्यासारखं आहे, उद्याच करून बघते. फोरजीचं बटण पण वरच्या पॅनेलमध्ये आणून ठेवलं. माझ्यासोबत लेडीज डब्यात अजून तिघी-चौघी अभ्यास करतात, त्यांनाही हा धागा पाठवलाय, त्यातल्या एकीचा फोन जुना एलसीडीवाला आहे, तिचे प्रश्न असतील तर ती इथेच विचारेल.